त्या मजुरांचं पुढे काय झालं?

माझे आप्पा पोकलेन चालवतात. कालव्याचं काम, पाइपलाइन, हायवेचं चौपदरीकरण, जिथे खोदकाम तिथे आप्पा. गेल्या दिवाळीत ते पुण्याला माझ्याकडे चार दिवस राहायला आले होते. फ्लॅटमध्ये त्यांना करमेना. एका रात्री मी लॅपटॉपवर सिनेमा लावला, टिम बर्टनचा 'डार्क शॅडोज'. २०१२चा. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून आम्ही सात-आठ जणांनी तो पाहिला होता आणि लोळून लोळून हसलो होतो. म्हटलं, आप्पांना इंग्रजी कळत नसलं तरी मी सांगत जाईन. भुताखेताचा आहे, विनोदी आहे, बघायला देखणा आहे.

सिनेमात एक प्रसंग येतो. साल १९७२, रात्रीची वेळ, जंगलात खोदकाम चाललंय. मजुरांना जमिनीत साखळदंडांनी बांधलेली शवपेटी सापडते. ती उघडते आणि आतून १९६ वर्षं कोंडून ठेवलेला बार्नाबस कॉलिन्स नावाचा व्हॅम्पायर बाहेर येतो. एकामागून एक मजुरांचा फडशा पाडतो. आणि मग अगदी खानदानी अदबीने दिलगिरी व्यक्त करतो, की माफ करा, पण मला किती तहान लागली होती याची तुम्हाला कल्पना यायची नाही.

मी हसलो. हॉस्टेलवर हसलो होतो तिथेच, तसाच. आप्पा हसले नाहीत.

"समदी मेली व्हय ती पोरं?"

"हो."

"मग पोलीस न्हाई आले?"

"आप्पा, पिक्चर आहे."

"पिक्चर हाय ते कळतंय मला. पण सायटीवर येवढी माणसं मेली तर काम बंद पडतंय. मुकादमाला उचलत्यात. घरला कळवाय लागतंय. त्यांचं काय झालं फुडं?"

म्हटलं, बघू, येईल पुढे. त्यानंतर उरलेला सिनेमा मी हसण्यासाठी पाहिलाच नाही. त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधत पाहिला. उत्तर जे सापडलं ते इतकं वाईट होतं, की हा लेख लिहायला बसलो.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलिन्स कुटुंब अठराव्या शतकात लिव्हरपूलहून अमेरिकेत येतं, मेन राज्याच्या किनाऱ्यावर मासेमारीचा धंदा उभारतं. गावाला स्वतःचंच नाव देतं, कॉलिन्सपोर्ट. टेकडीवर कॉलिनवूड नावाचा प्रचंड वाडा बांधतं. या घरचा वारस बार्नाबस (जॉनी डेप) घरातल्या अँजेलिक या मोलकरणीशी (एव्हा ग्रीन) संबंध ठेवतो. ती प्रेमाबद्दल विचारते तेव्हा, माझं तुझ्यावर प्रेम नाही, असं सांगून मोकळा होतो. अँजेलिक चेटकीण असते. ती त्याच्या आईबापांना मारते, त्याच्या प्रेयसीला कड्यावरून उडी घ्यायला लावते, त्याला व्हॅम्पायर करते आणि गावाकरवी पुरून टाकते. पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी तो बाहेर येतो, तेव्हा वाडा मोडकळीला आलेला असतो, धंदा बसलेला असतो आणि गावाची मासळी अँजेलिकच्या कंपनीच्या हातात असते. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे बार्नाबसने घराण्याचं वैभव परत कसं मिळवलं याची गोष्ट.

या सिनेमाबद्दल नेहमीची तक्रार वेगळी असते. तो ज्या टीव्ही मालिकेवरून बेतला, तिचे जुने चाहते म्हणतात, आमच्या गंभीर मालिकेची यांनी टिंगल केली. बाकीचे म्हणतात, याला धड विनोदी व्हायचं होतं की भीतीदायक हेच ठरलं नव्हतं. व्यापारवाले म्हणतात, एक आठवडा आधी 'ॲव्हेंजर्स' लागला होता, दुसरं काय होणार. सुमारे पंधरा कोटी डॉलर खर्चून केलेला हा सिनेमा अमेरिकेत आठ कोटींच्या आतच अडकला, हे खरं.

मला या तिन्ही तक्रारींशी घेणं नाही. व्हॅम्पायरवर विनोद करायला माझी काहीच हरकत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की हा सिनेमा चुकीच्या माणसांच्या मरणावर हसवतो, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये याची पद्धतशीर काळजी घेतो.

आधी त्याचं देणं देऊन टाकतो. यात खरंच चांगले विनोद आहेत. जमिनीतून बाहेर आलेला बार्नाबस मॅकडोनाल्ड्सची चमकणारी भलीमोठी 'एम' बघतो आणि त्याला ते सैतानाचं, मेफिस्टोफेलीसचं, नाव वाटतं. टीव्हीवर गाणारी बाई दिसल्यावर तो तिला डब्यातून बाहेर काढायला जातो. घरच्या पार्टीत गायला आलेला ॲलिस कूपर हा पुरुष आहे हे त्याच्या गावीही नसतं. हे सगळे विनोद बार्नाबसवर आहेत. एक बडा जमीनदार, ज्याला जग आपल्या बापाचं वाटतं, त्याला त्याच जगातलं ओ की ठो कळत नाही. तिथे हसू येतं आणि ते प्रामाणिक असतं.

पण त्याच्या अज्ञानावरून सिनेमा त्याच्या ताकदीवर आला की विनोदाची दिशा उलटते. मजुरांचा प्रसंग तसा. दुसरा प्रसंग हिप्पींचा. शेकोटीभोवती बसलेल्या तरुण पोरापोरींशी बार्नाबस मनमोकळ्या गप्पा मारतो, प्रेमात काय करावं याचा सल्ला घेतो, आणि गप्पा संपल्यावर मोठ्या खेदाने सांगतो की आता मला तुम्हा सर्वांना मारावं लागेल. आणि मारतो. विनोद कशात आहे? त्याच्या सभ्यतेत. खून करतो, पण काय भाषा, काय अदब!

या अदबीशी माझा जुना झगडा आहे. मी ज्या कंपनीत आधी होतो, तिथे एका सकाळी आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांना मेल आली. इतकी सुंदर मेल मी आयुष्यात वाचली नाही. तुमच्या योगदानाबद्दल आम्ही ऋणी आहोत, हा निर्णय आमच्यासाठी अत्यंत वेदनादायी होता, वगैरे. दुपारी लॅपटॉप जमा. मी वाचलो, माझ्या शेजारी बसणारा गेला. त्याने ती मेल मला दाखवली आणि म्हणाला, "बघ ना, त्यांनाच किती त्रास झालाय." वरच्याने सॉरी म्हटलं की खालच्याने त्याचं दुःख समजून घ्यायचं, ही अपेक्षा मला तेव्हापासून ओळखता येते. बार्नाबसची दिलगिरी त्याच जातीची. मरताहेत मजूर, आणि सिनेमा आपल्याला सांगतो की बिचाऱ्याला तहान किती लागली होती बघा.

आता अँजेलिककडे बघू. ती दुष्ट आहे, खुनी आहे, याबद्दल वाद नाही. पण ती कोण आहे? मोलकरीण. मालकाच्या पोराने वापरून सोडलेली. पुढे दोन शतकं ती वेगवेगळ्या नावांनी, स्वतःचीच मुलगी-नात असल्याचं सोंग घेऊन, त्याच गावात राहते आणि 'एंजल बे' नावाची मासळीची कंपनी उभी करते. तिच्या भिंतीवर तिच्या पिढ्यांची चित्रं लागलेली असतात, सगळी तिचीच. आणि तिच्याशी टक्कर द्यायला बार्नाबस काय करतो? वाड्यातल्या गुप्त खोलीतला वडिलोपार्जित खजिना काढतो. बोटींचा अनुभवी कप्तान (हा ख्रिस्तोफर ली) तिच्या बाजूला असतो. त्याला पगारवाढ नाही, बोनस नाही. बार्नाबस त्याच्या डोळ्यांत डोळे घालून संमोहित करतो आणि आपल्याकडे वळवतो. एका कामगाराची इच्छाशक्ती काढून घेऊन त्याला कामाला जुंपलं, आणि हा प्रसंगही हसण्यासाठी आहे.

कंपनी उभारणारी मोलकरीण खलनायिका. घबाडावर बसलेला वारस नायक. घराणं हीच खरी संपत्ती, हे बार्नाबसच्या बापाचं वचन सिनेमा अगदी मनापासून मानतो. त्या घराण्याबाहेरचं कुणी मेलं तर ते संपत्तीच्या हिशोबात धरायचं नसतं.

आणि आता आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर. त्या मजुरांच्या खुनाचा जाब सिनेमात कोण विचारतं? अँजेलिक. ती बार्नाबसकडून कबुली काढून घेते, ती टेपवर पकडते आणि गावाला ऐकवते. गाव चिडून वाड्यावर चालून येतं. आणि तेव्हा आपण, प्रेक्षकांनी, कुणाच्या बाजूने असायचं? वाड्याच्या. म्हणजे मेलेल्या मजुरांसाठी न्याय मागणं हा या सिनेमात खलनायिकेचा डाव आहे, आणि त्यावर चिडलेलं गाव म्हणजे फितलेला जमाव. शेवटी अँजेलिक स्वतःचं काळीज छातीतून काढून बार्नाबसपुढे धरते आणि मरते, तेव्हा तिच्याबरोबर तो खटलाही निकाली निघतो.

हे मी आप्पांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मंजे येवढ्या लोकांत ती चेटकीणच तेवढी बरोबर बोलली की."

मला वाटलं, मूळ मालिकाही अशीच असणार. मालिका पडद्यावर आणताना बर्टनने फार तर तिला रंग दिला असेल. म्हणून मालिका पाहायला घेतली. पूर्ण नाही, १२२५ भाग आहेत. पण बार्नाबस येतो तिथून बरेच दिवस, रोज रात्री जेवताना.

'डार्क शॅडोज' एबीसी वाहिनीवर जून १९६६पासून एप्रिल १९७१पर्यंत चालली. डॅन कर्टिसची निर्मिती, सोमवार ते शुक्रवार, दुपारी अर्धा तास. आपल्याकडच्या डेली सोपसारखीच. पहिलं वर्ष प्रतिसाद कमी, बंद पडायची वेळ आलेली, म्हणून आधी भुतं आणली आणि एप्रिल १९६७मध्ये व्हॅम्पायर आणला. जोनाथन फ्रिड या नटाला काही आठवड्यांपुरतंच घेतलं होतं. तो इतका चालला की शेवटपर्यंत राहिला. शाळा सुटल्यावर पोरं घरी धावत सुटायची ही मालिका बघायला. त्या पोरांमध्येच बर्टन होता, डेप होता. पैसे कमी, वेळ कमी, चूक झाली तरी पुन्हा चित्रण करायची सोय जवळपास नाही. त्यामुळे चौकटीत माइक लोंबकळताना दिसतो, भिंती हलतात, नट संवाद विसरून इकडेतिकडे बघतात. हसायला भरपूर जागा आहेत.

पण शवपेटी कोण उघडतं ते बघा. मालिकेत ती उघडतो विली लूमिस, एक फुटकळ भामटा, कॉलिन्सांचे दागिने चोरायच्या आशेने. पेटीतून हात येतो आणि त्याचा गळा धरतो. भाग संपतो. आणि दुसऱ्या दिवशी विली जिवंत असतो. त्याला मारून टाकलं असतं तर विषय मिटला असता. मालिका त्याला मारत नाही. तो बार्नाबसचा गुलाम होतो. चांदीच्या लांडग्याची मूठ असलेल्या काठीने मार खातो, मालकाचे गुन्हे लपवतो, रात्री कुणाचा घात होणार हे कळल्यावर तळमळतो. जॉन कार्लनने हे काम असं केलंय की बार्नाबसपेक्षा नजर त्याच्यावर जाते. पुढे तो मॅगी इव्हान्स नावाच्या मुलीला सावध करायला तिच्या घराशी जातो, पोलिसांची गोळी खातो, आणि मॅगीला पळवून नेण्याचा आळ त्याच्यावरच येतो. रवानगी वेड्यांच्या इस्पितळात. मालक बाहेर, नोकर आत. मालिका हे झाकत नाही, आपल्याला बघायला लावते.

सिनेमातही विली आहे. दारूच्या धुंदीतला, वाड्यात पडेल ते काम करणारा गडी, संमोहित झालेला. त्याच्या वाट्याला विनोदी चेहरे आले आहेत. तळमळ नाही.

ती मॅगी कोण? कॉलिन्सपोर्टमधल्या कॉफी शॉपमध्ये काम करणारी वेट्रेस, एका चित्रकाराची मुलगी. बार्नाबस तिला पळवून नेऊन आपल्या मेलेल्या प्रेयसीचं रूप द्यायला बघतो, आणि तिचं काय झालं हा प्रश्न मालिका कितीतरी भाग सोडत नाही. बाप शोधतो, प्रियकर शोधतो, डॉक्टर शोधतात. त्यातल्या डॉक्टर ज्युलिया हॉफमनला खरं काय ते कळतं आणि ती बार्नाबसला बरं करायचं ठरवते. हे गुपित टिकवण्यासाठी तिच्या ओळखीच्या डॉक्टर वुडर्डचा खून होतो, त्यात तिचाही हात असतो, आणि ते ओझं मालिका तिच्या मानेवर ठेवते. सिनेमातली डॉक्टर हॉफमन मात्र तरुण राहण्यासाठी बार्नाबसचं रक्त चोरते, म्हणून तो तिला मारून समुद्रात टाकतो, आणि शेवटी पाण्याखाली तिचे डोळे उघडतात, पुढच्या भागाची जाहिरात म्हणून.

सिनेमात मॅगीचं काय झालं? कॉलिनवूडकडे जाणाऱ्या आगगाडीत एक मुलगी बसलेली असते, तिचं खरं नाव मॅगी इव्हान्स. वाटेतच ती ते टाकून व्हिक्टोरिया विंटर्स होते. सुरुवातीच्या त्या सुरेख दृश्यात, सुरेख गाण्यावर, गावातली कष्टकरी मुलगी गाडीतून उतरण्याआधीच गायब झाली.

मालिका जास्त सज्जन माणसांनी बनवली होती असं मला म्हणायचं नाही. तिच्याही केंद्रस्थानी वाडाच आहे. तिथेही अँजेलिक मोलकरीणच आहे, बार्नाबसच्या प्रेयसीची, आणि खलनायिकाच आहे. बार्नाबसला सहानुभूती मिळाली ती तिथेच. फरक मला रोजच्या रतिबात दिसतो. रोज दुपारी भाग दाखवायचा असेल तर काल मेलेल्या माणसाचं आज काहीतरी करावंच लागतं. कुणीतरी रडणार, कुणीतरी विचारणार, शेरीफ येणार. मालिकेला आठवण ठेवावी लागते. आमच्या कामात सर्व्हर कोसळला की पहिला प्रश्न असतो, लॉग दाखवा. कधी काय घडलं त्याची नोंद. १२२५ भागांची मालिका म्हणजे असा एक अजस्र लॉग आहे, भोंगळ, चुकांनी भरलेला, पण खून केला तर तो खुनीच्या खात्यावर राहतो. म्हणूनच तिथे बार्नाबसचा पश्चात्ताप खरा वाटतो. ११३ मिनिटांच्या सिनेमाला तेवढी जागा नव्हती हे मान्य. पण त्याला मॅकडोनाल्ड्सला, ॲलिस कूपरला, जमीनदोस्त होणाऱ्या फर्निचरमधल्या एका लांबलचक प्रणयप्रसंगाला जागा मिळाली. एका मजुराच्या बायकोला दहा सेकंद मिळाली नाहीत.

आता कुणी म्हणेल, कॉमेडीला एवढं मनावर घेऊ नये. उलट, कॉमेडीलाच मनावर घ्यावं असं मी म्हणतो, कारण हे जमलेला सिनेमा दोनच वर्षांनी आला. 'व्हॉट वी डू इन द शॅडोज', २०१४, न्यूझीलंडचा, तायका वाइटीटी आणि जेमेन क्लेमंट यांचा. वेलिंग्टनमध्ये एका घरात व्हॅम्पायर रूममेट म्हणून राहतात आणि भांडी कुणी घासायची यावर भांडतात. तेही माणसं मारतात. पण त्यांच्यासाठी सावज आणणारी, रक्त पुसणारी जॅकी त्या सिनेमात तोंड उघडते. वर्षानुवर्षं राबूनही मला अमर का करत नाही, असं कॅमेऱ्याला विचारते. आणि स्टू नावाचा एक कॉम्प्युटरवाला आहे, साधा, शांत माणूस, जो या सगळ्यांना इंटरनेट शिकवतो. व्हॅम्पायर ठरवतात की स्टूला खायचं नाही. नंतर स्टूच्या जिवावर बेततं तेव्हा आपल्या पोटात खड्डा पडतो. त्यावरून २०१९मध्ये मालिका आली, तिचा तर गाभाच गियेर्मो हा नोकर आहे, दहा वर्षं चाकरी करून थकलेला. हसू कमी झालं का? मला तरी जास्त आलं. ज्याला मारायचं त्याला आधी नाव दिलं, एवढंच त्यांनी केलं.

बर्टनच्या हातात पंधरा कोटी होते, डेप होता, एव्हा ग्रीनसारखी नटी होती, आणि पूर्ण हयात ज्या मालिकेवर प्रेम केलं ती मालिका होती. तिच्यातून त्याने वाडा घेतला, केप घेतली, लांब नखं घेतली. विलीची तळमळ तिथेच ठेवली. प्रेम होतं याबद्दल मला शंका नाही. पण शाळेतून धावत घरी येणाऱ्या त्या पोराला वाड्यातला माणूस आवडला होता, आणि मोठा झाल्यावरही त्याने वाड्याच्या खिडकीतूनच गाव बघितलं.

तुम्ही हा सिनेमा फोनवर बघाल. खोदकामाचा प्रसंग आला की थांबवा आणि त्या माणसांचे चेहरे बघा. हॉस्टेलवर मी पाहिले नव्हते, आणि दिवाळीत आप्पा शेजारी बसले नसते तर पुन्हाही पाहिले नसते. याची मला लाज वाटते, कारण मी ज्या फीवर इंजिनिअर झालो ती रात्रपाळीच्या खोदकामातून आली आहे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा परत गेले. पाइपलाइनचं काम आहे, रात्रीचं चालतं. मी आता रोज साडेअकराला फोन करतो. ते म्हणतात, "काय न्हाई, दगुड लागलाय," आणि ठेवतात.